पन्नासवरचा काटा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या शाळेत आठवीच्या वर्गावर मोसमी वारे शिकवत होतो. "भावोजी, हे गेले. चहा घेतला आणि गेले," एवढंच ती म्हणाली, आणि मी "बरं" म्हणालो. अशा फोनवर कोणी "बरं" म्हणतं का? मी म्हणालो. मग फळ्यावरचे उरलेले दोन बाण पुरे केले, डस्टर जागेवर ठेवलं आणि स्कूटर काढली. महिना उलटला, अजून मला रडू आलेलं नाही. बायको म्हणते, तुमचं सगळंच उशिरा.

बापूदादा माझा थोरला चुलत भाऊ. उभी नोकरी त्याने अलोऱ्याच्या वसाहतीत राहून वीजघरात केली आणि निवृत्त होऊन पूर्णगडच्या अलीकडे, डोंगरउतारावरच्या आमच्या वाडीत परतला. तिथे वारा सुटला की फणसाची एखादी फांदी तारेवर यायची आणि वाडी आठवडाभर कंदिलात. दादाने खटपट करून वाडीची स्वतःची वीज उभी केली. पावसाळ्यात परह्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या, पाण्यावर फिरणारं छोटं टर्बाइन, एरवी शाळेच्या छपरावरची सौर पॅनेलं, आणि अडीनडीला डिझेलचा जनरेटर. या तिघींना तो एका घरातल्या जावा म्हणायचा. सौर ही धाकटी. उशिरा उठणार, ढग दिसला की माहेरी. पाण्याची मधली कामसू, पण परह्या आटला की तिचा संसार आटोपला. डिझेलची थोरली, ती आली की अख्ख्या वाडीला कळणार. "एकेकटी चांगली आहे रे," तो म्हणायचा, "एकत्र नांदवायच्या म्हणजे घाम फुटतो."

खरा घाम मात्र नारळाने फोडला. सकाळी दहाच्या सुमाराला घरोघर कालवणासाठी खोबऱ्याचं वाटण, आमच्याकडचं वाटप, एकदम मिक्सरला लागायचं आणि सगळं बंद पडायचं. मग दादाने बागेच्या शिपण्याला असते तशी वाटपाला पाळी लावली. खालची आळी दहाला, वरची साडेदहाला. लोक आधी हसले... आणि मग पाळीचे इतके पक्के झाले की त्यावर घड्याळ लावावं.

माझा या कारभाराशी संबंध एकदाच आला. दादाला ताप होता म्हणून टर्बाइनला जनरेटर जोडायचं काम माझ्याकडे आलं. दोघांच्या मध्ये टांगलेले दिवे हळूहळू उजळत आणि विझत. ते पूर्ण विझले की दोन्ही यंत्रं एका तालात आली असं समजायचं आणि त्याच क्षणी खटका ओढायचा. हे मला दोनदा सांगितलेलं होतं. पण दिवा पेटला म्हणजे वीज तयार, हे भूगोलाच्या मास्तराचं तर्कशास्त्र. मी लख्ख उजेडात खटका ओढला. असा दणका बसला की जनरेटर बैठकीवरून सरकला. दादा घोंगडी पांघरून आला आणि म्हणाला, "सुध्या, तू आपला नकाशेच काढ हो." त्यानंतर मी यंत्रांच्या त्या खोपीत पाऊल टाकलं नाही.

दादा गेला त्या दिवशी पोचलो तेव्हा वाडी चिडीचूप होती. ओटीवर दादाला ठेवलेलं, आणि वरचा दिवा पांढराफटक पेटलेला. मी त्याच्या तोंडाकडे बघायचं सोडून दिव्याकडेच बघत बसलो. मग उमगलं... दुखवट्यात वाडीने टीव्ही, पंखे, सगळं बंद केलं होतं, आणि परह्याला तर पूर. वीज घ्यायला कोणी नाही म्हणून टर्बाइन मोकाट पळत होतं. तसंच पळालं असतं तर ते जळलं असतं, आणि घरोघरचे फ्रिजही. पाणी तोडून बंद करतो, असं मी वहिनीच्या कानाशी लागून सांगितलं.

"बंद नको," ती म्हणाली. "पावसाळ्यात एक दिवस बंद पडू दिलं नाही त्यांनी. आज तर नकोच."

खोपीत यंत्राचा ताल दाखवणारा काटा एरवी पन्नासवर असायचा, तो सत्तावन्नवर थरथरत होता. जादा वीज जिरवायला दादाने पाण्याच्या पिंपात तीन हीटर सोडले होते. दोन चालू होते. तिसऱ्याचा खटका मी डोळे मिटून ओढला. काटा चौपन्नवर येऊन थांबला. उरलेली वीज आता वाडीनेच खायला हवी होती. मग मी छत्री घेऊन दारोदार फिरलो. पंखे लावा, टीव्ही लावा, इस्त्री लावा, मिक्सर लावा... भावाचं मयत ओटीवर असताना. वरच्या आळीतली शेवंतीकाकी डोळे पुसत दारात आली. "मिक्सर? आता दहाच वाजलेत. आमची पाळी साडेदहाची. बापूनेच लावून दिलेली."

"काकी, आज सगळ्यांनी एकदम," मी म्हटलं.

मयत उचलल्याशिवाय वाडीत चूल पेटत नाही, त्यामुळे वाटायला काही नव्हतं. काकीने भांड्यात नुसतं पाणी घातलं आणि मिक्सर सुरू केला. मग शेजारचा, मग खालच्या आळीतले. परत आलो तेव्हा ओटीवरचा दिवा पुन्हा पिवळा, शांत झाला होता. दादाला आंघोळ घातली ती त्या पिंपातल्या पाण्यानेच. वहिनीने बोट बुडवून बघितलं आणि दोन तांबे गार पाणी मिसळलं. "कढत सोसत नाही त्यांना," ती म्हणाली.

रजा टाकून मी सध्या वाडीतच आहे. खोपीत बसतो, एकेक हीटर लावतो, काढतो. पिंपातलं गरम पाणी न्यायला सकाळी बायका येतात. सगळ्यांत शेवटी वहिनी येते आणि दोन बादल्या भरून नेते. एकीने आंघोळ करते. दुसरीत दोन तांबे गार पाणी मिसळते, ती न्हाणीत तशीच असते. गार झाली की पोफळीच्या मुळाशी ओतते. मी काट्याकडे बघत राहतो.