मूळचे कुठले, स्पॅनिशमध्ये

आमच्या घरात आडनाव नाही. म्हणजे होतं, पप्पांनी काढून टाकलं. मला आणि ताईला शाळेत घालताना त्यांनी आडनावाच्या जागी आजोबांचं नाव लिहिलं आणि गावाकडचं आडनाव गावाकडेच राहू दिलं. पप्पा वायरमन होते. म्हणायचे, "पोरींना काय उघड्या तारेसारखं बाहेर सोडायचं? वर कव्हर पाहिजे."

हे आधीच सांगते, कारण मी एका संघटनेची पत्रकं लिहिते आणि पत्रकात मुद्दा वरच लागतो. मुद्दा असा, की आपल्याकडे माणूस माणसाची ओळख विचारतो तेव्हा बहुतेक वेळा जात विचारत असतो. हे मला ठाऊकच होतं. तेच स्पॅनिशमध्येही विचारता येतं, हे कळायला मात्र क्लास लावावा लागला.

ताई नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटीमध्ये आहे, डिप्लोमा मेकॅनिकल. कंपनीनं स्पेनमधून एक मशीन घेतलं. ते शिकून यायला दोन माणसं महिनाभरासाठी तिकडे पाठवायची ठरली. अट एकच, जुजबी स्पॅनिश यायला हवं, कारण तिकडचे कामगार इंग्रजी बोलत नाहीत. ताई कधी काही मागणारी नाही. दिवाळीला ड्रेस कुठला घ्यायचा हेसुद्धा "तूच बघ" म्हणून माझ्यावर सोडणारी. ती एक दिवस जेवताना म्हणाली, "मला जायचंय." आईचा वाढता हात तसाच राहिला. "कुठं?" आईनं विचारलं. ताई म्हणाली, "स्पेनला." पप्पांनी फक्त भाजी पुढे सरकवली. आमच्याकडे होकार असाच देतात.

एकटीनं जायला तिला अवघड वाटत होतं म्हणून क्लासला मीही गेले. कॉलेज रोडला दातांच्या दवाखान्याच्या वर एका फ्लॅटचा हॉल होता. शिकवणाऱ्या मॅडम नवऱ्याच्या नोकरीमुळे बरीच वर्षं तिकडे राहून आलेल्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर देवनागरीतच प्रश्न लिहिले. कोमो ते यामास, तुझं नाव काय. दे दोंदे एरेस, तू कुठली. आ के ते देदीकास, तू काय काम करतेस. मग एकेकाला उभं करून विचारायला लागल्या.

प्रत्येकानं पूर्ण नाव सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव. शाळेत हजेरीला सांगावं तसं, ताठ उभं राहून. मॅडम हसायला लागल्या. "अहो, तिकडे कुणी वडिलांना बरोबर घेऊन ओळख करून देत नाही. नुसतं नाव सांगा." आधीच नुसतं नाव सांगून खाली बसलेली एकटी ताई होती; माझी पाळी अजून यायची होती. "बघा, हिला बरोब्बर जमलं," मॅडम म्हणाल्या.

जमलं कसलं. लहानपणापासूनचा सराव होता तो.

मॅडमचा एक नियम होता. ज्याला प्रश्न विचारला त्यानं उत्तर दिल्यावर "ई तू?" म्हणायचं, म्हणजे "आणि तू?", आणि तोच प्रश्न समोरच्याला परत करायचा. नुसती उत्तरं दिली तर ती पोलीस चौकशी होते, असं त्या म्हणायच्या. हा नियम मला फार आवडला. आपल्याकडे तो नाहीच. आपल्याकडे विचारणारा एकीकडे आणि सांगणारा दुसरीकडे, हे आधीच ठरलेलं असतं.

बॅचमध्ये ताईच्याच कंपनीतले तीन-चार जण होते, त्यांत परचेसमधले एक सर. त्यांनाही स्पेनला जायचं होतं. माणूस वाईट नव्हता. क्लास सुटायला उशीर झाला आणि आमची स्कूटी चालू झाली नाही, तर गाडीतून आमच्या घराजवळच्या पाथर्डी फाट्यापर्यंत सोडायला तयार असायचे. मला याचाच जास्त संताप येतो. वाईट माणसाशी भांडता तरी येतं.

जोड्या लावून सराव सुरू झाला आणि सर ताईसमोर आले.

"दे दोंदे एरेस?"

"दे नाशिक. ई तू?"

"मीपण नाशिक," सर एकदम मराठीत आले. "पण तुम्ही मूळच्या कुठल्या?"

"नाशिकच, सर."

"तसं नाही हो. गाव असेल ना काहीतरी. माणसाला गाव असतंच."

"इगतपुरीकडचं."

"अरे वा, आमचे मेहुणे तिकडेच आहेत रेल्वेत. गाव कुठलं? आणि गावात कुठं?"

गावात कुठं. हा प्रश्न ज्यांना कधी कुणी विचारला नाही त्यांना तो साधा वाटेल. गावात कुठं म्हणजे देवळाच्या अंगाला की ओढ्याच्या पलीकडे.

ताई म्हणाली, "सर, आम्ही कधी जातच नाही गावाला."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी आपेयीदो हा शब्द शिकवला. आपेयीदो म्हणजे आडनाव. सरांना घबाड सापडलं. ताईनं आजोबांचं नाव सांगितलं. सर हसून म्हणाले, "हे तर नाव झालं. आडनाव काय?" ताई म्हणाली, "हेच लावतो आम्ही." सर म्हणाले, "लावता ते ठीक आहे हो, पण असतं काय?"

आणि मॅडम? मॅडम कौतुकानं मान डोलावत होत्या. "छान. नवीन शब्द लगेच वापरताहेत बघा."

मी मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "सर, जात विचारायची तर सरळ विचारा ना. त्याला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात ते मॅडम सांगतील."

सरांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा झाला. "मी तसं कुठं म्हटलं? मी आपली ओळख काढत होतो." आणि मॅडमनी मलाच ऐकवलं, "हे बघ, आपण इथे भाषा शिकायला येतो. राजकारण बाहेर." म्हणजे विचारणाऱ्याची ती ओळख आणि आम्ही बोललो की ते राजकारण.

परतताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला ताईनं हेल्मेटची काच वर केली. "तुला कुणी बोलायला सांगितलं होतं?"

"तू बोलत नव्हतीस."

"मी का बोलू? कुणाला पाठवायचं हे ठरवताना प्लांट हेड त्यांनाही विचारणार आहेत. तुझं पत्रक लोक घडी घालून खिशात ठेवतात आणि नंतर त्यात शेंगदाणे बांधतात. माझं तसं नाही. मला जायचंय."

"म्हणून सगळं गिळायचं?"

"हिरवा लागला. धर नीट."



शेवटच्या दिवशी तोंडी परीक्षा होती. कंपनीनं मॅडमना तशी विनंती केली होती, म्हणून प्लांट हेड स्वतः ऐकायला येऊन बसले. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या आणि ताईच्या वाट्याला नेमके तेच सर आले. दोघं समोरासमोर बसले. नाव झालं, काम झालं, भावंडं झाली. ताई माझ्याकडे न बघता म्हणाली, मला एक बहीण आहे आणि ती खूप बोलते. मॅडम हसल्या. मग सरांनी विचारलं, "आपेयीदो?"

ताईनं आजोबांचं नाव सांगितलं.

सर हसतमुखानं म्हणाले, "ई आंतेस?" म्हणजे, आणि त्याआधी? हा शब्द त्यांनी मुद्दाम पाठ करून आणला होता. बाकी क्रियापदांची बोंब होती, हा मात्र पक्का.

मला वाटलं, ही आता परत गिळणार. पण तिनं आमचं गावाकडचं आडनाव सांगितलं. स्पष्ट, पूर्ण वाक्यात, मॅडमनी शिकवलं होतं तसं. आमच्या घरातही ते कुणी इतक्या मोठ्यानं उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग ती म्हणाली, "ई तू?"

सरांनी आपलं आडनाव सांगितलं, जरा छाती पुढे काढून.

"ई आंतेस?" ताईनं विचारलं.

सर गोंधळले. "आंतेस म्हणजे... आधी काही नाही. आमचं पहिल्यापासून हेच."

"एन एस्पान्योल," मॅडमनी आठवण करून दिली. स्पॅनिशमध्ये सांगा. सरांना सांगता आलं नाही. शब्द नव्हते असं नाही. हा प्रश्न आपल्यालाही कुणी विचारील, हे त्यांच्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

प्लांट हेडना यातलं किती कळलं ठाऊक नाही. त्यांना मशीन चालवणारं माणूस हवं होतं. त्यांनी ताईचं नाव घेतलं. दुसरं सरांचं, कारण सुट्या भागांची बोलणी परचेसला करावी लागणार होती.

इथं पत्रक असतं तर मी विजय लिहिला असता. झालं वेगळंच. सोमवारपासून सर ताईला कंपनीत त्या आडनावानं हाक मारायला लागले. "काय म्हणता..." आणि पुढे ते आडनाव, त्यापुढे 'मॅडम'. अतिशय आदरानं. पंधरवड्यात सगळ्या डिपार्टमेंटला माहीत झालं. कँटीनमध्ये ताईच्या टेबलावर बसणाऱ्या दोघींना अचानक दुसरीकडे मैत्रिणी मिळाल्या. कुणी वाकडा शब्द बोललं नाही. तक्रार करायची तर कशाची करायची?

ताईनं हे घरी सांगितलं तेव्हा पप्पा टेस्टरचं टोक पुसत बसले होते, निवृत्त झाले तरी टेस्टर खिशात असतोच. मला वाटलं, चिडतील. त्यांनी विचारलं, "तू स्वतः सांगितलंस?"

"हो, पप्पा."

"त्याच्या तोंडावर?"

"हो."

"बरं केलंस," ते म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले. बराच वेळ आत आले नाहीत. पप्पांनी आयुष्यभर जपलेलं कव्हर सरांनी एका 'ओळखी'साठी ओरबाडून काढलं आणि वर पप्पांनाच बरं केलंस म्हणावं लागलं. हे मी विसरणार नाही.

ताई स्पेनला गेली. दुसऱ्या रविवारी फोनवर बोलता बोलता तिनं सांगितलं, की तिथल्या कारखान्यात पॅकिंगला एक बाई आहे. तिचे आईवडील मोरोक्कोहून आलेले, ती स्वतः त्याच गावात जन्मलेली. जेवायच्या सुट्टीत एका नव्या सुपरवायझरनं तिला विचारलं, दे दोंदे एरेस. ती म्हणाली, इथलीच. तो म्हणाला, हो, पण खरी कुठली? ती म्हणाली, इथलीच. मग त्यानं हसत हसत तिसऱ्यांदा विचारलं.

"इकडे येऊन इतकं स्पॅनिश कानावर पडलं," ताई म्हणाली, "पण पहिल्या झटक्यात पूर्ण कळलेलं संभाषण तेच."

"मग तू काय केलंस?"

"मी त्या सुपरवायझरला म्हटलं, ई तू?"

"आणि?"

"तो म्हणाला, मी इथलाच. मी म्हटलं, हीपण."

मी इकडे नाशिकमध्ये टेबलावर हात आपटला. ताई म्हणाली, "थांब, अजून आहे. आपले सर शेजारीच बसले होते. परत येताना बसमध्ये मला विचारतात, काय हो, त्या बाईला तो एकच प्रश्न पुन्हा पुन्हा का विचारत होता? तिनं सांगितलं होतं की."

"तू काय म्हणालीस?"

"मी म्हटलं, तुम्हाला नाही कळलं, सर?"

"मग?"

"नाही म्हणाले. खिडकीबाहेर बघत बसले."