काळ्या-पांढऱ्या टीव्हीतली हिरवी साडी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. श्रीखंडाचे रिकामे डबे 'असू दे, लागतील' म्हणून माळ्यावर जातात आणि एक दिवस माळ्यावर डब्यांशिवाय काही उरतच नाही, तसं त्यांचं होतं. मी आणि कुंदा अधूनमधून दादरला भेटतो. दोघींत एक मिसळ मागवतो, कारण आता एवढं तिखट झेपत नाही. 'तुला आठवतं का गं?' असं एकीने म्हटलं की संपलंच! वेटर टेबल पुसून जातो, पुन्हा येऊन पुसतो, आम्ही आपल्या बसलेल्या.

टीव्ही काळा-पांढरा होता तेव्हाची गोष्ट. परळला एका जुन्या गोदामात आमचा छोटासा स्टुडिओ होता. तिथे जाहिराती बनायच्या. आधी थेटरात इंटरव्हलला दाखवायचे, मग टीव्हीवरही लागायला लागल्या. मालक आणि डायरेक्टर कामतसाहेब. जिंगल गाणारी कुंदा, लालबागच्या चाळीतली. लाइटमन दत्ताराम, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारा, मूळचा मालवणकडचा. आणि मी, गिरगावातून बसने येऊन हिंदी-इंग्रजी जाहिरातींचं मराठी करणारी.

हल्ली लोक त्या काळच्या जाहिराती मोबाइलवर एकमेकांना पाठवतात. खाली 'काय दिवस होते!' लिहितात. मी प्रत्येक व्हिडिओ शेवटपर्यंत बघते. आमची एकही जाहिरात त्यात नसते. रिळं कुठे गेली कुणाला ठाऊक. आमच्याकडे किस्से तेवढे राहिलेत.

*

एकदा एका बिस्किटाची इंग्रजी जाहिरात मराठी करायला आली. जाहिरात कसली, एक गोरागोमटा गृहस्थ बिस्किट खातो आणि डोळे मिटून 'म्म्म!' म्हणतो. शेवटी बिस्किटाचं नाव. बस्स.

मी नावाची ती एवढीच ओळ मराठीत लिहून दिली. कंपनीचा माणूस फोर्टमधून सूटबूट घालून आला होता. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला.

"मॅडम, यह 'म्म्म' का मराठी किधर है?"

मी म्हटलं, "सर, वो वैसाही रहेगा."

"नहीं नहीं. मराठी आदमी क्या बोलेगा?"

'वा वा' म्हणावं तर त्या गृहस्थाचे ओठ मिटलेले! तेवढ्यात कामतसाहेब आपल्या खुर्चीतून शांतपणे म्हणाले,

"सर, चीज अच्छी हो तो मराठी आदमी चुपचाप खाता है. नमक कम हो, तभी बोलता है!"

जाहिरातीत 'म्म्म' तसंच राहिलं.

*

कुंदाचा किस्सा तर लालबागमध्ये अजून सांगतात.

धुण्याच्या साबणाची जिंगल होती. चाल कठीण, मध्येच एक उडी होती. कुंदा सकाळी नळावर पाणी भरताना गायची, जिना चढताना गायची, कपडे वाळत घालताना गायची. आठवडाभरात अख्खी चाळ तीच जिंगल गुणगुणायला लागली. दहीहंडीच्या गोविंदांनी ती ढोलावर बसवली. एका बाईने त्याच चालीवर बाळ झोपवलं!

पुढे रेकॉर्डिंग झालं, जाहिरात बनली, रेडिओवर लागली. आणि एका दुपारी चाळीचे सेक्रेटरी चार माणसं घेऊन स्टुडिओच्या दारात हजर!

"मालक कोण इथले? आमच्या चाळीचं गाणं चोरलंत तुम्ही!"

कामतसाहेब हात जोडून समजावतायत, पण ऐकतो कोण? शेवटी आतून कुंदा आली. "अहो काका, मीच गायलंय ते. हे इथलंच गाणं."

सेक्रेटरींनी मागच्या चौघांकडे वळून बघितलं. मग म्हणाले, "तू गायलंस ते ठीक आहे. पण त्या साबणवाल्याला सांग, पुढच्या वेळी चाळ कमिटीला विचारायचं!"

आता तिथे टॉवर आहे. कुंदाला तिसाव्या की कितव्या मजल्यावर खोली मिळाली. ती म्हणते, "नळ घरात आला गं. पण आता गायलं तर ऐकायला कोण आहे?"

*

दादरच्या एका साडीच्या दुकानाची जाहिरात होती. मालक, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, स्वतः साड्यांचं गाठोडं घेऊन आले आणि मॉडेलला कुठली नेसवायची यावर सकाळची दुपार केली. पोपटी नको, मोरपंखी नको, बाटलीच्या काचेसारखी हिरवी हवी.

दत्ताराम शिडीवर लाइट धरून ताटकळलेला. तो वरून म्हणाला, "शेठ, टीव्हीवर समदां एकच दिसतला. राखाडी!"

शेठ शांतपणे म्हणाले, "अहो, पण त्या पोरीला माहीत असेल ना, आपण हिरवी नेसलोय! ती हिरवी नेसल्यासारखी चालेल."

आम्ही सगळे हसलो. हिरवीच नेसवली. त्या पोरीने पदर असा काही घेतला की दत्तारामही शिडीवरून बघत राहिला.

जाहिरात लागली त्याच्या दुसऱ्या दिवशी शेठनी दुकानातून फोन केला. "कामत, इकडे या. बायकांची रांग लागलीय."

"अरे वा! काय मागतायत?"

"म्हणतायत, टीव्हीतली ती हिरवी दाखवा!"

*

मागच्या हिवाळ्यात कुंदा म्हणाली, "चल, स्टुडिओची जागा तरी बघून येऊ." गेलो. गोदाम कुठलं, तिथे काचेची इमारत उभी आणि खाली फ्लॅटचं बुकिंग ऑफिस! वॉचमनला वाटलं आम्ही घर घ्यायला आलोय. एका गोड मुलीने आम्हाला एसीत बसवलं, मग सॅम्पल फ्लॅट दाखवायला नेलं.

काय तो दिवाणखाना! टेबलावर फळं, कपाटात पुस्तकं, खिडकीबाहेर समुद्र. कुंदाने हळूच एक सफरचंद उचललं. मेणाचं! पुस्तक ओढलं तर नुसता खोका. आणि समुद्राचा मोठा फोटो चिकटवलेला.

मुलीने विचारलं, "कसं वाटलं, आंटी?"

कुंदा म्हणाली, "सेट मस्त लागलाय. शूटिंग कधी आहे?"

ती पोरगी गोंधळून हसली. आम्ही दोघी मात्र बाहेर फुटपाथवर येऊन उभ्या राहिलो. मी कुंदाचा हात धरला होता की तिने माझा, आठवत नाही.

*

आणि हा दत्तारामचा.

चहाच्या जाहिरातीचं शूटिंग होतं. नवरा बसलाय, बायको कप देते, तो घोट घेतो, खूश होतो. बायकोचा नुसता हात दिसणार होता. तो कुंदाचा. नवरा झालेला नट मात्र आलाच नाही. कामतसाहेबांनी घड्याळ बघितलं, छताकडे बघितलं आणि ओरडले, "दत्ताराम, खाली उतरा!"

"साहेब, माका काय येणा नाय."

"चहा पिता येतो ना? तेवढंच करायचंय. बोलायचं काही नाही."

दत्तारामला शर्ट घातला, बसवला. कॅमेरा चालू झाला. कुंदाने कप पुढे केला. त्याने एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि घरी म्हणत असावा तसं सहज म्हणून गेला, "अजून अर्धो दी गो!"

कामतसाहेबांनी कट म्हटलंच नाही. पुन्हा टेक घेतला नाही. कंपनीचा साहेब फक्त एवढंच म्हणाला, "व्हाय इज ही टेलिंग हर टू गो?" मालवणी नवरा बायकोला 'गो' म्हणतो, हे त्याला समजावता समजावता माझा घाम निघाला!

जाहिरात गाजली. वरळीत पोरं दत्तारामला बघून ओरडायची, "अजून अर्धो!" तो लाजून मान खाली घालायचा.

त्याच वर्षी तो गेला. कसलासा ताप आला आणि उतरलाच नाही. सुमनवहिनी आणि दोन मुली मागे राहिल्या. आणि जाहिरात रोज टीव्हीवर चालूच.

कामतसाहेबांची झोप उडाली. "त्या बाईने रोज हे कसं बघायचं? मी कंपनीला सांगून बंद करायला लावतो." पण आधी वहिनींना विचारायला हवं, म्हणून एका संध्याकाळी ते, कुंदा आणि मी बीडीडी चाळीत गेलो.

वहिनींची खोली बंद होती. त्या शेजारच्या खोलीत, टीव्ही होता तिथे, दाराशी भिंतीला टेकून तांदूळ निवडत बसल्या होत्या. खोली माणसांनी भरलेली. आम्हाला बघून त्या उठायला लागल्या, तर कामतसाहेब घाईने खाली बसले.

"वहिनी, ती जाहिरात... तुम्हाला त्रास होत असेल तर मी उद्याच बंद करवतो. तुम्ही फक्त सांगा."

वहिनी म्हणाल्या, "जरा थांबा हां."

आणि त्यांनी पदर डोक्यावरून नीट केला.

टीव्हीवर दत्ताराम आला. खोलीतली कुजबुज आपोआप थांबली. त्याने घोट घेतला, डोळे मिटले.

"अजून अर्धो दी गो!"

वहिनींनी सुपातून मान वर न करता म्हटलं,

"पुरे आता. मगे रात्री झोप येवची नाय तुमका."