तौनोच्या बंदुकीवरची दुर्बीण

तौनो मोइलानेन आयुष्यभर लाकूड कापायच्या गिरणीत राबला आणि आयुष्यभर कमी बोलला. बोलण्याची हौस आमच्या थंड उत्तरेतल्या कायानीकडे तशी कुणालाच नाही, पण तौनोशेजारी बसवलं की बाकीचे बडबडे वाटायचे. त्याची बायको हेल्वी म्हणायची, लग्नाला हो म्हणताना तो जे काही बोलला, त्यावरच मी संसार रेटला. पानगळीत मूसच्या शिकारीचे दिवस आले की मात्र हा माणसांत यायचा. पाणथळीच्या कडेला बंदूक घेऊन दबा धरायचा नाका त्याचा. हाकाऱ्यांनी उठवलेलं घोड्याएवढं हरीण त्याच्यासमोरून जिवंत गेल्याचं आमच्या गटात कुणाला आठवत नव्हतं. तेही नळीच्या टोकावरच्या साध्या खुंटाने नेम धरून. दुर्बीण लावणाऱ्यांना तो 'चष्मेवाले' म्हणायचा.

साठी उलटली आणि त्याला तो खुंटच धड दिसेना. हे त्याने अर्थातच कुणाला सांगितलं नाही. उन्हाळ्यात नेमबाजीची परीक्षा झाली, लाकडी मूसच्या छातीऐवजी पोटात भोकं पडली, तेव्हा सगळ्यांना कळलं. परीक्षेत नापास झालेल्याने मूसवर बंदूक उचलायची नाही, असा कायदाच आहे. गटाचा प्रमुख मी. मी म्हटलं, कुत्र्यांबरोबर चाल, हाकाऱ्यांतही माणसं लागतातच. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला घरी बसून मोजे विणायला सांगितलं होतं. नाका गेला की त्याचं वर्षच गेलं, हे मलाही कळत होतं.

मग तो दुर्बीण घ्यायला शहरात गेला. गाडी हेल्वीने चालवली, म्हणून ही हकिकत मला कळली. दुकानदार भला माणूस होता. शिकार दाट रानात करता की उघड्यावर, जनावर साधारण किती लांबून दिसतं, असं त्याने नीट विचारलं. तौनोने तोंडाला कुलूप घातलं. परक्या माणसाला आपल्या नाक्याचा सुगावा आमच्यात कुणी लागू देत नाही, मग तो दुर्बिणी विकणारा का असेना. दुकानदाराने अंदाजाने एक आखूड, कमी ताकदीची दुर्बीण पुढे केली. हिच्यातून आजूबाजूचं रानही दिसतं, म्हणाला. तौनोला वाटलं, आपल्याला म्हातारा समजून हा हलका माल गळ्यात मारतोय. त्याने कपाटातल्या सगळ्यांत लांब दुर्बिणीकडे बोट केलं.

"चंद्रावरचा मूस मारायचाय का रे तुला?" हेल्वीने विचारलं. तौनोने पाकीट काढलं.

त्या दुर्बिणीने तो परीक्षा झोकात पास झाला. ताकद कमीजास्त करायचं तिचं कडं शेवटापर्यंत, सगळ्यांत जास्त ताकदीवर फिरवलेलं होतं. गोळ्या लागताहेत तशाच लागू देत, उगाच हात नको, म्हणून त्याने कड्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली. मी पाहिलं, पण बोललो नाही. पट्टी आमच्यातले निम्मे लोक लावतात.

शिकारीच्या पहिल्याच शनिवारी माझ्या तेस्सू कुत्रीने मोठा नर उठवला. मूसला गाठायचं, भुंकून अडवायचं, पळाला की पुन्हा गाठायचं, हे तिचं काम. भुंकणं सरकत सरकत पाणथळीकडे गेलं. अगदी तौनोच्या नाक्यावर पोचलं. आम्ही सगळे कान देऊन थांबलो. गोळीचा आवाज आलाच नाही. भुंकणं पुढे गेलं, रस्ता ओलांडून शेजारच्या गटाच्या रानात शिरलं आणि आमचं हिवाळ्याचं मांस त्यांच्या हद्दीत गेलं. वायरलेसवर कुणीतरी म्हणालं, म्हातारा झोपला वाटतं.

गोळी चुकली तर आमच्याकडे शेकोटीपाशी मनसोक्त टर उडवतात. गोळी झाडलीच नाही, तर मात्र कारण फक्त प्रमुखाने विचारायचं, तेही बाजूला नेऊन. सगळे सॉसेज भाजत बसले आणि मी तेस्सूला दोरीला धरून नाक्यावर गेलो. मी चिडलेलो होतो. काय बोलायचं ते ठरलं होतं आणि नाका गटातल्या तरुण यारीला द्यायचा हेही ठरलं होतं.

तौनो ओंडक्यावर बसला होता. बंदूक रिकामी करून शेजारी ठेवलेली.

"आला होता?"

"त्या बर्चच्या झाडापाशी उभा राहिला."

बर्च थुंकी पोचेल इतक्या जवळ होता. "मग?"

"काच भरून नुसते केस. खांदा का मांडी, कळेना. पट्टी सोडवायला गेलो तर बोटं गारठलेली." तो थांबला. इतकं तो एका दमात कधी बोलत नसे. "केसांत बार टाकला असता, तर लागला असता कुठेतरी. एवढं मोठं जनावर. पण ही तुझी तेस्सू कुठे होती ते दिसेना. अलीकडे होती का पलीकडे."

तेस्सू त्याचे बूट हुंगत होती.

"नाका ज्याला देशील त्याला सांगून ठेव," तौनो म्हणाला, "ही जनावराच्या अगदी पायांत घुसते."

मी तिच्या मानेत हात घातला. केस चिखलाने भरलेले होते आणि ती गरम होती. मला एवढं हायसं वाटलं की यारीचं नाव तोंडातून निघेना.

"कुणाला देत नाहीये," मी म्हणालो. "दुर्बीण तेवढी बदल."