जोर जास्त झाला

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. माझा पहिला मुलगा तेव्हा दीड महिन्याचा होता. अंगावर घेतला की दोन घोट प्यायचा, मग ठसका, रडणं, मान फिरवणं. दिवसेंदिवस सुकत चाललेला. सासूबाई म्हणायच्या, दूध कमी पडतंय. म्हणून हळिवाची खीर, मेथीचे लाडू, वर डिंक. इकडे माझी चोळी सारखी भिजलेली, आणि पोर उपाशी! काय समजायचं माणसानं? शेवटी आम्ही दोघी मुरबाडहून प्रवाशांच्या सर्व्हिस मोटारीनं शहापूरच्या डॉक्टरकडे निघालो.

सापगावच्या अलीकडे मोटार गचके देत बंद पडली. पेट्रोलचा असा भपकारा, की मी पोराचं तोंडच झाकलं. ड्रायव्हरनं पुढचं झाकण उघडलं तर इंजिनावर पेट्रोल ओघळतंय.

"आरं, एवढं पेट्रोल हाय, नि गाडी चालत नाय?" सासूबाई म्हणाल्या.

"जास्त झालं म्हणूनच चालत नाय, मावशे. पंपात काल नवी स्प्रिंग घातली, ती निघाली कडक. पुढं कार्बोरेटरात एक वाटी हाय. ती भरली का आतला तरंगता डबा वर येतो, नि सुई पेट्रोलची वाट बंद करते. पर मागून जोर एवढा, का सुईला आवरत नाय. इंजिन गुदमरतं."

"मिळालं म्हणून कोन गुदमरतं का? काय पन सांगतो!"

त्यानं कुणाच्या तरी वहीचा पुठ्ठा मागून घेतला, कापून पंपाच्या बुडाखाली घातला. म्हणे पंप इंजिनापासून जरा दूर बसला की आतला दांडा कमी हलतो, जोर उतरतो. मला निम्मंही कळलं नाही, खरं सांगते. पण 'गुदमरतं' हा शब्द काही डोक्यातून जाईना.

मी बांधाआड गेले. पहिली जोराची धार गवतावर सोडली, मग दोन बोटांनी छाती दाबून धरून पोराला घेतलं. ठसका नाही. डोळे मिटून पीत राहिला.

सासूबाई शोधत आल्या. "काय केलंस गो?"

"दाबून धरलं. त्या पंपासारखं."

"पंप? डोकं फिरलं का तुझं?" मग वाकून पोराकडे बघायला लागल्या. तिकडे मोटार सुरू झाली, हॉर्न वाजायला लागला.

"आता डॉक्टरला सांगायचं तरी काय?" त्यांनी विचारलं.

पोराला तसाच अंगावर धरून मी उठले. आम्ही मोटारीत चढलो, आणि शहापूर येईपर्यंत दोघी त्याच्या हलणाऱ्या गळ्याकडे बघत बसलो.