घमेल्यातली आयरिस

मुलांनो, आमच्या शेजारच्या सिस्टर कुठल्याही गोष्टीची चौकशी हाताच्या मागच्या बाजूने करीत. तापलेलं कपाळ असो, कुकरचं झाकण असो की कुंडीतली माती, आधी उलटा हात लागे आणि मग निकाल मिळे, "बरं आहे. हलवू नका." सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी दिग्रसच्या आमच्या गल्लीत त्यांना कोणी नावाने हाक मारत नसे. मागच्या खेपेला तुमच्या ढोपराला पट्टी बांधणाऱ्या त्या आजी, त्याच या.

त्यांचा मुलगा नागपूरला नोकरीला. सून हिमाचलची. सासू-सून एकमेकींशी अबोल, फोनवर "जेवण झालं का" नंतर विषय संपे. मग एका होळीनंतर सूनबाईने माहेरच्या बागेतले आयरिस नावाच्या फुलझाडाचे कंद आणून दिले. म्हणाली, "मम्मी, ये साल में दो बार खिलता है. गर्मी से पहले, और फिर दिवाली के आसपास." तेव्हापासून दोघींना बोलायला काहीतरी मिळालं.

सिस्टरांनी ते कंद हळदीसारखे लावले. आपल्याकडे कंद म्हटला की तो खोल जायचा आणि वरून माती चढवायची. त्यात आपली काळी माती आणि श्रावणाची झड. पोळ्याच्या सुमारास पानं आडवी झाली. उकरून पाहिलं तर नुसता घाण वासाचा लगदा.

"मी मारले मॅडम," त्या माझ्या ओट्यावर येऊन बसल्या. "तिच्या मायच्या घरचे होते. आता पोरीले काय सांगू?"

मी मोबाइलवर वाचून सांगितलं, की हा कंद अर्धा उघडाच ठेवायचा असतो, त्याच्या पाठीला ऊन लागतं.

"मंग आंधी काहून नाही सांगतलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?"

एक तुकडा घट्ट उरला होता. सिस्टरांनी ब्लेडने त्याचा सडका भाग कापला, जखमेवर राख दाबली, तो वाळू दिला आणि बुडाला भोकं पाडलेल्या घमेल्यात मुरूम भरून त्यावर नुसता टेकवला.

तेवढ्यात सुनेचा व्हिडिओ कॉल. "मम्मी, दिखाओ ना, कैसे हैं?"

माझ्या नळापाशी वेखंड माजलं होतं. त्याची पानं अगदी तशीच, तलवारीसारखी. सिस्टरांनी फोन तिकडे वळवला.

"अरे वाह, खूब बढ़े हैं."

फोन बंद करून त्यांनी पदराने घाम पुसला. "पुरी नोकरी केली मॅडम, पण कोणाचा खोटा ताप नाही लिहिला कधी."

पुढे प्रत्येक फोनला वेखंडच दाखवलं गेलं.

दुसऱ्या वर्षी त्यांचे गुडघे फार दुखू लागले. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. ते नागपूरला करायचं आणि नंतर काही महिने मुलाकडे राहायचं. सिस्टर टाळत राहिल्या. आधी ऊन लय आहे, मग पाऊस लय आहे. भिंत धरून चालत, पण जायचं नाव नाही. शेवटी मी खडसावलं, तेव्हा म्हणाल्या, "त्या पोरीच्या हातचं कसं खाऊ मी? तिच्या मायचं झाड मारलं, अन् वर तिलेच वेखंड दाखोलं. एक फूल येऊ द्या. मंग जातो."

त्या वर्षीची होळी बिनफुलाचीच गेली होती; आता आशा दिवाळीची. गल्लीतले लोक विचारत, "सिस्टर, मुरूम उगवला का?"

"उगून राह्यला. तुमच्या अंगणात टाकतो दोन पाट्या."

कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जाऊ लागल्या, सकाळी शाल लागू लागली, आणि पानांच्या बेचक्यातून एक दांडा वर आला. दिवाळीच्या सकाळी फूल उमललं. फिकट जांभळं होतं. वरच्या पाकळ्या उभ्या, खालच्या लोंबत्या आणि त्यांवर पिवळी दाढी.

सिस्टरांनी आपण होऊन फोन लावला. फूल दाखवलं. सूनबाई हरखली. मग सिस्टर म्हणाल्या, "बेटा, एक बात है. पहले जो मैं दिखाती थी ना, वो..."

"बच था, मम्मी." बच म्हणजे आपलं वेखंड. " हमारे यहाँ नाले के किनारे बहुत होता है. मैंने पहले दिन ही पहचान लिया था."

"फिर बोली काहे नहीं?"

"आप इतने प्यार से दिखाती थीं. और मेरी मम्मी के भी पहली बार सब सड़ गए थे."

 "लय शहाणी आहे हे," सिस्टर मला म्हणाल्या.

फोनमधून मराठीत उत्तर आलं, "थोडी थोडी आहे."

पुढचं सगळं नीट झालं, तेव्हा काळजी करू नका. ऑपरेशन झालं. आता सूनबाई त्यांना रोज संध्याकाळी चालायला नेते. दिग्रसला परतायची घाई काही दिसत नाही. त्यांच्या दाराला कुलूप आहे आणि घमेलं माझ्याकडे.

त्या निघाल्या तेव्हा मी स्टँडवर गेले होते. त्यांना बसमध्ये बसवून खाली उतरले आणि आठवलं, घमेल्याला पाणी किती घालायचं ते विचारायचं राहिलं. म्हणून खिडकीशी गेले. बस अजून सुटायची होती. आजूबाजूला पेरूवाले ओरडत होते. सिस्टर मात्र मान कलती करून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपल्या होत्या. मी हाक मारली नाही.