आत्याचे हात

हळद शिजायला लागली की कुरुंद्याच्या शिवारात ओलसर, मातकट वास पसरतो आणि मला आत्या आठवते. तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं, बोलताही येत नव्हतं. ती आणि माझी आई हातांनीच बोलायच्या. ती भाषा त्या दोघींनीच कामं करता करता घडवलेली. काही वर्षांपूर्वी मी पुण्यात शिकत होतो. माणूस तोंडाआधी हातांनी बोलायला लागला असावा, असं काही अभ्यासक मानतात. त्यावर मला शोधनिबंध लिहायचा होता. म्हणून गावी आल्यावर हळदीच्या कढईशेजारी आत्याला बसवून मी मोबाइलवर तिच्या खुणा टिपत होतो. तिने माझ्या बॅगेकडे बोट केलं, मग रस्त्याकडे, आणि तळवा स्वतःच्या छातीवर ठेवला. वाफेने चित्र धुरकट आलं, म्हणून मी तिला तेच पुन्हा करायला लावलं, मग आणखी एकदा. शेवटी कढईपाशी उभी असलेली आई ओरडली, "आरं, ती काय म्हणून राहिली, कळंना का तुला? मला बी पुण्याला घेऊन चल म्हणती!" मी हसलो, "पुढच्या खेपेला नेतो," म्हणालो आणि दुपारच्या एसटीने एकटाच निघालो. निबंधाचं कौतुक झालं. आत्याने मात्र त्यानंतर माझ्यासमोर खुणेसाठी हात उचलले नाहीत. गेल्या वर्षी आई गेली. तेराव्यानंतर मी ओट्यावर आत्याच्या शेजारी जाऊन बसलो. तुझं दुःख मला कळतं, हे तिच्या भाषेत कसं म्हणायचं ते मला ठाऊक नव्हतं, आणि ते सांगणारं घरात आता कुणीच उरलं नव्हतं.