डोंगऱ्याची उंची

वैशाखात तापलेल्या गच्चीवर पडणाऱ्या जड, संथ पावलांचा तो आवाज आजही कधीतरी कानात घुमतो आणि मन उगाच कातर होतं. ती पावलं दामोदरची. देवळ्याच्या कांदेवाल्या घरातला हा मुलगा. मुलगा म्हणायचं, पण देह असा की नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात शिरताना त्याला आधी मान, मग खांदे आणि मग उरलेल्या स्वतःला आत आणावं लागे. नव्या शतकाची ती पहिली वर्षं. सुनील, दामोदर आणि मी, तिघं मिळून कॉम्प्युटरवर खेळायचा मारामारीचा एक गेम तयार करत होतो. प्रोग्रॅम सुनील लिहायचा, चित्रं मी काढायची आणि त्या चित्रांना चाल द्यायची दामोदरनं.

गेमच्या शेवटी एक खलनायक होता, डोंगऱ्या. त्याच्याशी लढायचं, खेळणाऱ्याला तो स्वतःसाठी निवडता येत नसे. पडदाभर त्याची छाती, ढगांत हरवलेलं मस्तक, आणि समोरचा योद्धा जेमतेम त्याच्या गुडघ्याएवढा! त्याच्या चालीसाठी आम्ही दामोदरलाच गच्चीवर चालवून चित्रण केलं होतं. बसच्या छताला, वर्गातल्या बाकाला, लोकांच्या नजरांना चुकवत, आयुष्यभर अंग चोरून जगलेला तो माणूस त्या दुपारी ताठ चालला. "ताई, आज लय मोकळं वाटलं," घाम पुसत तो म्हणाला. विशाल असणं हा जिथे अपराध नसून वैभव आहे, अशी एक तरी जागा माणसाला हवी असते ना? दामोदरला ती पडद्यावर सापडली होती.

आमचा गेम विकायला घेणाऱ्या पुण्याच्या कंपनीला डोंगऱ्या फार आवडला, आणि त्या आवडण्यातच त्याचा घात होता.

"सगळ्यांना तोच घेऊन खेळायचंय," फोन ठेवत सुनील म्हणाला. "आता त्याला बाकीच्यांच्या मापात आणावं लागेल."

समोरच्याची लाथ त्याच्या छातीपर्यंत पोचायला हवी, उडी त्याच्या डोक्यावरून जायला हवी, आणि दोघेही एका पडद्यात मावायला हवेत! मी त्याला नुसता लहान करून पाहिला, तर तो कुठल्याही आखाड्यातला जाडजूड पहिलवान दिसू लागला. मोठा ठेवला तर ती लढतच उरेना. कितीतरी कागद फाडले.

शेवटी दामोदरच म्हणाला, "लहान नका करू, ताई. वाकवा."

"म्हणजे कसा?"

"चला वर. दाखवतो."

गच्चीवर त्यानं खांदे पुढे ओढले, मान छातीत रुतवली, गुडघे सैल सोडले आणि तो चालू लागला. सुनील आधी हसला, मग कठड्यावरून उठून उभा राहिला. त्या वाकण्यात अभिनयाचा लवलेशही नव्हता. किती वर्षांची साधना होती ती! हात तसेच लांबलचक, पंजे तसेच अवजड, देह तसाच प्रचंड, आणि तरीही उंची इतरांएवढी. आमचा प्रश्न सुटला होता; कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या मला मात्र त्याचा आनंद होईना. पुराणातल्या पर्वतांना म्हणे पंख होते आणि इंद्राला ते वज्रानं छाटावे लागले. आमच्या डोंगऱ्याला वज्राचीही गरज पडली नाही.

"जिंकल्यावर तरी त्याला सरळ उभा राहू द्या," खाली उतरताना दामोदर म्हणाला. "एवढंच."

मी ते जीव ओतून रेखाटलं. शत्रू कोसळतो, डोंगऱ्याच्या पाठीचा एकेक मणका उलगडत जातो आणि तो उभा राहतो. पण उभा राहिला की त्याचं डोकं पडद्याच्या वर निघून जाई. पुण्याहून निरोप आला, 'डोकं कापलं जातंय, दुरुस्त करा.' सुनील भांडला, मीही भांडले. कंपनी बधली नाही. अखेर दामोदरनंच ती चित्रं गेममधून काढून टाकली, कॉम्प्युटर बंद केला आणि तो घरी गेला.

गेम आला, थोडाफार चालला. ऑफिस मात्र तगलं नाही. सुनील पुण्याला गेला आणि दामोदर देवळ्याला, वडिलांच्या कांद्याच्या व्यापारात. पुढे एकदा तो कामासाठी नाशिकला आला, तेव्हा मी त्याला नाशिकरोडच्या एका सायबर कॅफेत घेऊन गेले. कॉलेजातली दोन मुलं तिथे आमचाच गेम खेळत होती, आणि एकानं डोंगऱ्या निवडला होता. डोंगऱ्या जिंकला. वाकल्या पाठीनंच त्यानं मूठ उंचावली.

"जिंकला की!" दामोदर मागून मोठ्यानं म्हणाला.

त्या मुलानं वळून पाहिलं आणि त्याची नजर वर वर जात राहिली. "बाप रे! काका, केवढे उंच तुम्ही! बास्केटबॉल खेळायचात का?"

"नाही रे," दामोदर हसला. "कांदे विकतो." आणि बसलेल्या त्या पोराला मान फार वर करावी लागू नये म्हणून तो आणखी थोडा वाकला.